हिवाळ्यांतील ऊब आणि घरचा खर्च

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलगांव आणि सिरसाळा यांच्या दरम्यान, दिंद्रुड हें माजलगांव तालुक्यांतील गांव आहे. मार्गशीर्ष-पौषांत येथील पहांट चांगलीच बोचरी असते. पारा बहुधा बारा-तेरा अंशांच्या आसपास असतो, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे तो त्याहूनहि खालीं उतरतो. त्याच दिवशीं दुपारीं मात्र अठ्ठावीस-तीस अंशांची उष्णता असते, आणि पहांटे घोंगडी पांघरून बसलेला मनुष्य सावली शोधूं लागतो. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, हीं या मोठ्या फरकाचीं कारणें होत. दिवसा निर्मळ आकाशांतून जें ऊन बिनअडथळा खालीं येतें, त्याचीच उष्णता रात्रीं तितक्याच बिनअडथळा वर निघून जाते. ढगांचें पांघरूण असतें, तर ती कांहीं अंशीं अडली असती.

युरोपांतील हिवाळा असा नसतो. तेथें आठवडेच्या आठवडे दिवसाहि गारठा टिकतो. म्हणून तेथील कुटुंबांस सगळें घर तापवावें लागतें आणि घरखर्चांतील मोठी रक्कम त्या कामीं जाते. दख्खनच्या पठारावर प्रश्न निराळा आहे. ज्या घरास रात्रीं ऊब हवी, त्याच घरावर दुपारीं ती फुकट ओतली गेलेली असते. येथें उष्णता विकत घेण्यापेक्षां आलेली उष्णता राखून ठेवणें हेंच खरें काम होय. विकत घ्यावयाची झालीच, तर ती मुख्यतः एका कारणासाठीं घ्यावी लागते, आणि तें कारण म्हणजे स्नानाचें पाणी. हिवाळ्यांतील काटकसरीचा विचार तेथूनच सुरू झाला पाहिजे.

हिवाळ्यांत पंखे बंद असतात, तरीहि विजेचें बिल अपेक्षेइतकें उतरत नाहीं. दिवे लवकर लागतात म्हणून असें होतें, अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. एका साध्या हिशेबानें ती दूर होईल. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पाणी वीस अंशांचें आहे, स्नानास तें चाळीस अंशांचें हवें आणि एका माणसास वीस लिटर पुरतें, असें धरलें, तर एका स्नानास ४०० किलोकॅलरी उष्णता लागेल. विजेच्या एका युनिटापासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे एक स्नान जवळजवळ अर्ध्या युनिटाचें झालें. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच विजेवर पन्नास तासांहून अधिक जळतो. पांच माणसांच्या कुटुंबाचा हा खर्च महिन्यास सत्तर युनिटांच्या घरांत जातो. संध्याकाळचा एखादा दिवा मालवून ही रक्कम भरून निघत नाहीं.

या सत्तर युनिटांची जागाहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रांत घरगुती विजेचे दर चढत्या पायऱ्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांस एक दर, त्यापुढील ३०० पर्यंतच्या युनिटांस त्याहून बराच अधिक, आणि त्यापलीकडे आणखी अधिक. ज्या कुटुंबाचा इतर वापर शंभराच्या जवळपास आहे, त्याच्या बिलांत स्नानाचीं हीं युनिट वरच्या पायरीवर बसतात. तेव्हां पाणी तापविण्यांत वांचविलेलें प्रत्येक युनिट हें त्या घरचें सर्वांत महाग युनिट वांचविल्यासारखें आहे.

ही वीज कशी होते, हें पाहण्यास दिंद्रुडकरांस फार दूर जावें लागत नाहीं. त्याच रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे परळीचें औष्णिक वीजकेंद्र लागतें. तेथील पहिले संच १९७१ सालीं सुरू झाले. ते आतां निवृत्त झाले असून पुढें मोठे संच उभे राहिले. अशा केंद्रांत कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेनें चक्र फिरवितात आणि चक्रानें वीज उत्पन्न होते. या रूपांतरांत कोळशाच्या उष्णतेचा सुमारें एक तृतीयांशच भाग विजेच्या रूपानें हातीं येतो. उरलेले दोन भाग शीतकरणाच्या पाण्याबरोबर व धुराड्यांतून निघून जातात. पुढें तारांच्या मार्गांतहि कांहीं वीज झिजते. राज्याचें विजेचें जाळें एकच असल्यामुळें अमुक घरची वीज अमुक केंद्राची असें म्हणतां येत नाहीं. परंतु राज्याच्या विजेचा मोठा भाग कोळशापासूनच होतो, हें निश्चित. दगडी कोळशाच्या ज्वाळेचें तापमान हजार अंशांहून अधिक असतें. तीन भाग उष्णता जाळून एक भाग वीज करावयाची, आणि त्या विजेनें पाणी चाळीस अंशांपर्यंत कोमट करावयाचें, हा व्यवहार म्हणजे ताक करण्यासाठीं तूप खर्चीं घालण्यासारखा आहे. वीज दिव्याला, पंपाला, यंत्राला हवी. तेथें तिचें काम दुसरें कोणी करीत नाहीं. पाणी कोमट करणें हें काम मात्र साधें ऊनहि करूं शकतें.

या व्यवहारांत पाण्याचाहि वाटा आहे. परळीचें केंद्र पाण्यावांचून चालत नाहीं, आणि मराठवाड्यांत पाणी ही जपून वापरण्याची वस्तु आहे. २०१३ सालच्या दुष्काळांत आणि पुन्हां २०१५ सालीं पाण्याअभावीं हें केंद्र बंद ठेवावें लागलें होतें. ज्या प्रदेशांत पिण्याच्या पाण्याची टंचाई पडते, तेथें विजेची उधळपट्टी ही एका अर्थानें पाण्याचीहि उधळपट्टी ठरते.

काटकसरीचा पहिला नियम असा कीं, जी उष्णता लागतच नाहीं ती सर्वांत स्वस्त. याचें उत्तम उदाहरण शेतकऱ्यास ठाऊक असतें. हिवाळ्याच्या पहांटे विहिरीचें किंवा कूपनलिकेचें ताजें पाणी हातास कोमट लागतें. जमिनीच्या पोटांत ऋतूंचा चढउतार फारसा पोहोंचत नाहीं. तेथील पाण्याचें तापमान वर्षभराच्या सरासरीइतकें, म्हणजे या भागांत पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास, राहतें. उलट, गच्चीवरील टाकींत रात्रभर उघड्या आकाशाखालीं राहिलेलें पाणी पहांटेपर्यंत सोळा-सतरा अंशांवर आलेलें असतें. तेव्हां सोळा अंशांचें पाणी चाळीस अंशांवर नेण्यास चोवीस अंश चढावें लागतें, आणि सव्वीस अंशांचें नेण्यास केवळ चौदा. सकाळीं पंप सुरू करून स्नानाचें पाणी ताजें भरून घेतलें, तर पांचापैकीं दोन भाग उष्णता कांहीं न करतां वांचते. शहरांत जेथें कूपनलिका नाहीं, तेथें दुपारीं उन्हानें तापलेल्या टाकींतील पाणी काढून झांकण असलेल्या पिंपांत भरावें आणि पिंपाभोंवतीं जुनी गोधडी गुंडाळावी. सकाळीं तें टाकींतल्या पाण्यापेक्षां कितीतरी अंशांनीं पुढें असतें.

विजेचा गीझर वापरावयाचाच असेल, तर त्याच्या तीन संवयी ओळखाव्या. पहिली अशी कीं, तो सतत चालू ठेवला म्हणजे भोंवतालच्या गार हवेस उष्णता देत राहतो आणि ती भरून काढण्यास पुन्हां पुन्हां वीज घेतो. पाणी जितकें कढत, तितकी ही गळती अधिक. म्हणून त्याचें बटण सत्तर अंशांवर न ठेवतां पन्नासच्या जवळ ठेवावें व स्नानापूर्वीं अर्धा तासच तो लावावा. घरांतील माणसांनीं एकापाठोपाठ एक स्नान उरकलें, तर एकदां तापविलेलें पाणी वायां जात नाहीं. दुसरी संवय नळीची. अर्धा इंच व्यासाच्या दहा मीटर नळींत सव्वा लिटर पाणी मावतें. तेवढें गरम पाणी दर वेळीं नळींतच निवून जातें. गीझर न्हाणीघरास जितका जवळ, तितका बरा. तिसरी गोष्ट खाराची. मराठवाड्यांतील कूपनलिकांचें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें म्हणजे पांढरा खार भांड्यास व तापविणाऱ्या कांडीस चिकटतो. अशी कांडी आंतल्या आंत अति तापून लवकर निकामी होते. म्हणून वर्षांतून एकदां, शक्यतो हिवाळ्यापूर्वीं, ती साफ करून घ्यावी. नवा गीझर घेतांना त्यावरील तारे पाहावे. २००१ सालच्या ऊर्जा संवर्धन कायद्याखालीं स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे ते तारे, पाणी तापवून नुसतें ठेवलें असतां गीझर किती उष्णता गमावतो, हें सांगतात.

आतां उन्हाचा विचार करूं जातां, या प्रदेशाचें भाग्य दिसून येतें. हिवाळ्यांतहि एका चौरस मीटर जागेवर दिवसाकांठीं सुमारें पांच युनिटांइतकी उष्णता पडते. दोन चौरस मीटरांच्या सौर तापकावर दहा युनिट पडलीं आणि त्यांतलीं निम्मीं जरी पाण्यास लागलीं, तरी शंभर लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापतें. पांच माणसांच्या स्नानास जेवढी उष्णता लागते, तिच्या दुपटीइतकी ही झाली. दिंद्रुड उत्तर अक्षांश १९ च्या आसपास आहे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून तापकाचें तोंड दक्षिणेस असावें आणि त्याचा उतार अक्षांशापेक्षां दहा-पंधरा अंश अधिक, म्हणजे तीस ते चौंतीस अंशांचा, ठेवावा. असें केलें म्हणजे ज्या ऋतूंत पाणी हवें, त्याच ऋतूंत तें अधिक तापतें.

सौर तापक बसवून निराश झालेलीं घरेंहि आढळतात. त्यांचीं कारणें बहुधा चारच असतात. शेजारच्या भिंतीची किंवा झाडाची सावली दुपारीं तापकावर पडते. धूळ महिनोन्महिने पुसली जात नाहीं. नळीस उष्णतारोधक वेष्टण नसतें. आणि जड पाण्याच्या खारानें आंतील नळ्या बुजतात. पाणी फार जड असेल, तर ज्यांत पिण्यावापरण्याचें पाणी तापकाच्या नळ्यांतून न फिरतां निराळ्या द्रवाकडून उष्णता घेतें, असा प्रकार निवडावा. मोठ्या इमारतींत टाकीपासून खालच्या मजल्यापर्यंत नळी लांब असल्यामुळें आरंभीं बादलीभर थंड पाणी येतें. तें ओतून न देतां धुण्यास घ्यावें. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांस तापक बसवितां येत नाहीं, परंतु त्यांसहि ऊन बंद नाहीं. काळ्या रंगाच्या पिंपांत झांकून उन्हांत ठेवलेलें पाणी तिसऱ्या प्रहरीं स्नानाजोगें होतें. वृद्धांस व मुलांस पहांटे न्हाऊं घालण्याऐवजीं दुपारीं न्हाऊं घालावें, ही जुनी रीत प्रकृतीच्या व खर्चाच्या अशा दोन्ही दृष्टींनीं शहाणपणाची आहे.

खेड्यांतून आजहि पुष्कळ घरीं पाणी चुलीवर तापतें. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, ज्वारीचीं धसकटें आणि गोवऱ्या हें येथील सरपण. तें पदरचें असल्यानें फुकट वाटतें; पण तें गोळा करण्यांत घरच्या बायकांचे तास जातात, आणि धुराची किंमत त्यांचे डोळे व फुप्फुसें देतात. उघड्या तीन दगडांच्या चुलींत सरपणाच्या उष्णतेचा दहावा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, भांड्यास पोहोंचतो. बाकीची ज्वाळेबरोबर बाजूंनीं निसटते. तांब्याचा बंब या बाबतींत फार हुशारीनें केलेला आहे. त्यांत विस्तव मधल्या नळकांड्यांत असतो व पाणी त्याच्या भोंवतीं असतें, त्यामुळें विस्तवाची उष्णता बाहेर पडण्यापूर्वीं तिला पाण्याचीच भिंत लागते. मूठभर काटक्यांत बंब तापतो तो यामुळेंच. घराघरांतून अडगळींत पडलेले बंब कल्हई व डाग करून पुन्हां वापरांत आणणें फायद्याचें आहे; मात्र त्यांतील राख रोज काढावी आणि तो उघड्या अंगणांत किंवा पडवींत पेटवावा.

चुलीच्या सुधारणेचा इतिहास या जिल्ह्यास परका नाहीं. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनीं निर्धूर चुलीचा एक नमुना तयार केला व १९५३ सालीं त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. एकाच मार्गांत एकामागून एक भांडीं तापावीं आणि धूर शेवटीं धुराड्यानें घराबाहेर जावा, ही त्यांतील कल्पना होती. पुढल्या भांड्यावर स्वयंपाक होत असतां मागल्या वैलावर स्नानाचें पाणी ठेवण्याची जी रीत गृहिणींस ठाऊक आहे, तिचेंच हें शास्त्रीय रूप होय. भारतीय मानक संस्थेनें आतां सुधारलेल्या चुलींस कसोटी घालून दिली आहे: नैसर्गिक हवेच्या चुलीनें किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीनें किमान ३५ टक्के उष्णता भांड्यास दिली पाहिजे. म्हणजे जुन्या चुलीच्या निम्म्याहून कमी सरपणांत तेंच पाणी तापतें. उसाच्या पाचटाचाहि असाच उपयोग आहे. तेलगांवास साखर कारखाना असून भोंवतालच्या शिवारांत ऊंस होतो आणि तोडणीनंतर पाचट बहुधा शेतांतच पेटवून देतात. पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनविण्याची पद्धत पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखालीं, विकसित केली. तिला २००२ सालीं इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

गॅसच्या शेगडीवर पाणी तापविणाऱ्यांसाठींहि हिशेब सोपा आहे. एका किलोग्रॅम गॅसपासून सुमारें अकरा हजार किलोकॅलरी उष्णता निघते. तिच्यांतली सहा दशांश भांड्यास मिळते असें धरलें, तर एका स्नानास साठ ग्रॅम गॅस लागतो. पांच माणसांचें पाणी रोज गॅसवर तापविलें, तर स्वयंपाकाचा एक थेंबहि न शिजवितां १४.२ किलोग्रॅमची टाकी दीड महिन्यांत संपेल. भांडें रुंद बुडाचें असावें, ज्वाळा बुडाबाहेर येऊं देऊं नये आणि झांकण कधीं विसरूं नये. उघड्या पातेल्यांतून वाफेबरोबर जी उष्णता जाते, तीहि विकतचीच असते. पाणी उकळेपर्यंत तापवून मग त्यांत थंड पाणी ओतण्यापेक्षां, हवें तेवढेंच ऊन झालें कीं उतरवावें.

येथें एका धोक्याविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे. कारण काटकसर जिवावर बेतूं नये. बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटवून निजण्याची चाल अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. कोळसा जळतांना हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जो घटक प्राणवायु वाहून नेतो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां शेंकडों पटींनीं घट्ट चिकटतो. मनुष्यास गुंगी येते, डोकें जड होतें, आणि ही झोंपच आहे अशा समजुतींत तो पुन्हां उठत नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून निखारे निर्धोक आहेत, हा समज घातक आहे. न्हाणीघरांत लावलेल्या गॅसच्या गीझरचाहि तोच प्रकार. खिडकी लहान, दार बंद आणि पाणी दीर्घ काळ वाहतें, अशा वेळीं मृत्यु ओढवलेले आहेत. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर उघड्या हवेंत असावा. शेगडी अंगणांतच राहावी. बादलींत सोडण्याची विजेची कांडीहि लावलेली असतांना पाण्यांत बोट घालून तें तापलें कीं नाहीं हें पाहूं नये. आधीं खटका बंद करून पिन काढावी.

बाळंतिणीच्या खोलीचा प्रश्न याच ठिकाणीं येतो. ऊब सर्वांत अधिक तेथेंच हवी असते, आणि शेगडीचा धोकाहि तेथेंच सर्वांत मोठा. कारण दारें-खिडक्या लावून घेण्याची रीत तेथें कडक असते. नवजात अर्भक स्वतःची उष्णता सांभाळूं शकत नाहीं, त्याच्या डोक्यावाटे ती झपाट्यानें जाते. त्यास टोपडें व पायमोजे घालावे आणि आईच्या उघड्या छातीशीं धरून वरून दोघांवर मऊ पांघरूण घालावें. आईचें अंग हें सदतीस अंशांवर अचूक राहणारें तापक आहे. त्यास ना धूर, ना बिल. दिवसा त्या खोलीचें दक्षिणेकडील दार उघडून ऊन आंत घ्यावें आणि सूर्य मावळण्यापूर्वीं तें लावावें. वृद्धांच्या बाबतींतहि काटकसरीचा अतिरेक नको. थंडी वाजत असूनहि ज्यांस ती जाणवत नाहीं, अशा वृद्धांच्या खोलींत गरज पडल्यास विजेचा तापक तासभर लावण्यास संकोच करूं नये. इतर ठिकाणीं जें युनिट वांचविलें, तें खर्चण्याची हीच जागा.

आतां घराकडे वळलें पाहिजे. मराठवाड्यांतील जुनें माळवदाचें घर हें उष्णतेचें कोठार होतें. हातभर, कोठें दोन हात रुंद भिंती आणि लांकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची घडण. जाड मातींतून उष्णता फार सावकाश पुढें सरकते. दुपारचें ऊन भिंतीच्या आंतल्या अंगास पोहोंचेपर्यंत आठ ते बारा तास जातात. त्यामुळें हिवाळ्यांत दुपारची ऊब मध्यरात्रीं हातीं येत असे, आणि उन्हाळ्यांत दुपारीं रात्रीचा गारवा. तथापि त्या घरांची दुसरी बाजूहि या प्रदेशानें पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं, तीं मुख्यतः मातींत रचलेल्या जड दगडी भिंती व जाड माळवदें अंगावर कोसळल्यामुळें. तेव्हां जुन्या घराचें आंधळें गुणगान नको. त्याचें तत्त्व तेवढें घ्यावें: उष्णतेच्या वाटेंत कांहींतरी जाड, सावकाश किंवा हवाबंद असलें पाहिजे.

हल्लींच्या घरांत नेमकें तेंच नसतें. पत्र्याचें छप्पर सूर्य मावळतांच थंड पडतें व रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडीत राहतें. म्हणून पत्र्याच्या खोलींत पहांटे बाहेरच्याइतकाच गारठा असतो. पत्र्याखालीं वीतभर अंतर सोडून बांबूच्या चटयांचें, फळ्यांचें किंवा जाड कापडाचें छत बांधलें, म्हणजे मधें हवेचा एक स्थिर थर अडकतो आणि तोच छपराचें पांघरूण होतो. चूल किंवा दिवा असलेल्या खोलींत मात्र कापडाचें छत टाळावें. सिमेंटच्या घरांत दारांच्या फटी हा मोठा चोर असतो. दाराखालीं जुन्या कापडाची वळकटी ठेवावी. खिडक्यांस जाड पडदे असावे व ते दिवेलागणीच्या आधीं ओढावे. मध्यान्हीं हिवाळ्यांतील सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवरच असल्यानें दक्षिणेच्या खिडकींतून ऊन खोलींत खोलवर येतें. दुपारीं ती खिडकी उघडी, संध्याकाळीं बंद, एवढा एक नियम पाळला तरी खोलीच्या उबेंत फरक जाणवतो. थोडा वायुवीजनाचा मार्ग वरच्या बाजूस नेहमीं मोकळा असावा.

शेवटीं अंगाजवळची ऊब. झोंपलेला मनुष्य सत्तर-ऐशीं वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देत असतो. चार माणसें निजलेल्या खोलींत एक लहानसा तापकच पेटलेला असतो. ती उष्णता अडविणें हें पांघरुणाचें काम. वाकळ उबदार असते ती कापडामुळें नव्हे, तर जुन्या लुगड्याधोतरांच्या थरांमध्यें अडकलेल्या हवेमुळें. म्हणूनच दबून चपटी झालेली वाकळ उन्हांत घालून झटकली म्हणजे ती पुन्हां उबदार होते. ओलसर पांघरूण ऊब देत नाहीं, कारण तें वाळविण्यांतच अंगाची उष्णता जाते. बाजेवर निजणारास थंडी खालून लागते. अशा वेळीं वर आणखी एक पांघरूण घेण्यापेक्षां खालीं एक घोंगडी अंथरणें अधिक गुणकारी होतें. दोन हजार वॅटचा विजेचा तापक रात्रीं चार तास लावला तर आठ युनिट खर्ची पडतात, आणि सारी खोली तापवूनहि उजाडेपर्यंत त्यांतलें कांहीं उरत नाहीं. त्या आठ युनिटांत सोळा-सतरा स्नानें होतात.

यावरून घरच्या उबेचा क्रम सहज ठरतो. आधीं अंग, मग खोली. आधीं झांकण, मग विस्तव. आधीं ऊन, मग सरपण व गॅस, आणि वीज सर्वांच्या शेवटीं. जो हा क्रम पाळील, त्याचें बिल उतरेल हें खरेंच. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, त्याच्या घरांतील अर्भक, वृद्ध आणि चुलीपुढें बसणारी गृहिणी यांच्या वाट्यास थंडीहि कमी येईल व धूरहि कमी येईल.